तिसरा ब्लॉक

पापुद्रेबाई हे काही त्यांचं खरं आडनाव नव्हतं. रुग्णालयाच्या प्रयोगशाळेत नव्याने आलेल्या कारकुनाने एकदा त्यांच्या रजेच्या अर्जावर तेच आडनाव लिहून टाकलं, अर्ज मंजूरही होऊन आला, आणि मग ते दुरुस्त करण्याच्या भानगडीत कुणी पडलं नाही. बाईही पडल्या नाहीत. एकतीस वर्षं एकाच खुर्चीवर बसून त्यांनी पापुद्रेच काढले होते. तेव्हा आडनाव काही खोटं नव्हतं.

शस्त्रक्रियेत काढलेला गाठीचा तुकडा त्यांच्याकडे यायचा तो मेणात बसवून, आगपेटीपेक्षाही लहान ठोकळा होऊन. सगळे त्याला ब्लॉक म्हणत. ब्लॉक बर्फावर गार करायचा, यंत्रात अडकवायचा आणि उजव्या हाताने चाक फिरवायचं. पात्यावरून केसाहून बारीक पापुद्रे एकाला एक चिकटून फितीसारखे उतरायला लागतात. डाव्या हातातल्या कुंचल्याने ती फीत अलगद उचलायची, कोमट पाण्यावर सोडायची, सुरकुती मोडली की खालून काच सरकवून वर घ्यायची. पुढे रंग द्यायचं काम दुसऱ्या बाईंचं. त्यांना सगळे रंगारीण म्हणत. रंग चढलेली काच, म्हणजे स्लाइड, मोठ्या डॉक्टरांच्या सूक्ष्मदर्शकाखाली जायची आणि कुणाच्या तरी घराचं पुढचं सगळं त्यावर ठरायचं.

एवढी नाजूक फीत, पण बाईंचं लक्ष डोळ्यांपेक्षा कानाकडे असायचं. नीट ब्लॉक मुकाट्याने कापला जातो. छातीच्या गाठींचे काही ब्लॉक मात्र करकरत. भाकरीत खडा यावा तसं पातं मध्येच कशावर तरी घासायचं. ते चुन्याचे कण असत, कॅल्शियमचे. काही गाठींमध्ये ते साचतात, क्ष-किरणांच्या चित्रात पांढऱ्या रवाळ ठिपक्यांसारखे दिसतात. डॉक्टरांना त्यातून गाठ कळते, पण पापुद्र्यात उभी रेघ पडते, कडा फाटतात आणि पातं दुपारपर्यंत बोथट होतं.

बाईंना रेघ खपायची नाही. त्यांच्याकडे त्यावर इलाज होता. कापसाचा जाड बोळा ॲसिडात भिजवायचा, ताटलीत ठेवायचा आणि करकरणारा ब्लॉक त्यावर पालथा घालायचा. ॲसिड चुना खाऊन टाकतं. तासाभराने ब्लॉक धुऊन परत यंत्रावर चढवला की पापुद्रा लोण्यासारखा उतरतो. इतरही हे करत, पण अगदीच अडलं तर, आणि पाच-दहा मिनिटं. बाई करकर ऐकली की करत. हाडांचे ब्लॉक ॲसिडात घातले की वहीत नोंद व्हायची. छातीच्या ब्लॉकची नोंद कधी झाली नाही, कारण कुणी विचारलंच नाही. मोठे डॉक्टर बाहेरच्या पाहुण्यांना बाईंच्या स्लाइड दाखवत आणि म्हणत, "हे बघा, अशी फीत काढणारा हात दुसरा नाही." बाई तेव्हा मुद्दाम सुऱ्यांचा खण लावत बसत. पण कान तिकडेच.

एकदा रंगारीण कुठल्याशा प्रशिक्षणाला जाऊन आली. आल्या आल्या तिने बाईंची ताटली बघितली.

"अहो, हे आता बंद करा. ॲसिडाने आतलं सगळं जळतं म्हणे. निदान एक ब्लॉक तरी तसाच ठेवावा. पुढे त्यातली जनुकं वाचायची वेळ येईल."

"जनुकं वाचणार?" बाई म्हणाल्या. "इथे डॉक्टरांचं अक्षर वाचायला माणूस मिळत नाही."

रंगारीण खो खो हसली. बाईही हसल्या. विषय तिथेच संपला. पुढे कित्येक वर्षांनी बाईंना तो विनोद शब्दन् शब्द आठवला, आणि आपण तो किती सहज केला होता तेही.

घरी बाई वरच्या मजल्यावर राहत आणि धाकटी जाऊ खालच्या. दोघींची स्वयंपाकघरं वेगळी, पण भाजी निवडणं एकत्र, जिन्याच्या पायरीवर. जाऊ बोलघेवडी, पसारेवाली. तिच्या ओट्यावर काय सापडेल याचा नेम नसे. बाई बटाट्याची सालं काढायला बसल्या की ती हात थांबवून बघत राही.

"ताई, साल काढताय की बटाट्याची झेरॉक्स?"

"तुझ्यासारखा अर्धा बटाटा सालीबरोबर टाकून देऊ का?"

"द्या की. बटाट्याला तेवढंच सुटल्यासारखं वाटेल. तुमच्या हातात सापडलेल्याचं काही खरं नाही बाई."

हीच जाऊ गुडघे दुखतात म्हणून कुरकुरायला लागली तेव्हा बाईंनी तिला कॅल्शियमच्या गोळ्या आणून दिल्या. स्वतः त्या घेतच होत्या, एक डबी जास्त आणली, एवढंच. वर्ष-दीड वर्ष तिने त्या घेतल्या. मग छातीत गाठ लागली. क्ष-किरणांच्या चित्रात पांढरे ठिपके दिसले. डॉक्टर म्हणाले, "कॅल्शियम साचलंय." खोलीत बाई, जाऊ आणि धाकटे दीर तिघंही होते. घरी आल्यावर दिरांनी औषधांच्या खणातून ती डबी काढली, जेवणाच्या टेबलावर मधोमध ठेवली आणि आत निघून गेले.

गाठ बाईंच्याच रुग्णालयात काढली. तिचे तीन ब्लॉक झाले. ट्रेमध्ये नंबर बघताच बाईंनी ते उचलले. मोठे डॉक्टर दारातच उभे होते.

"बाई, घरच्या माणसाचा ब्लॉक आपण कापू नये. दुसऱ्या कुणाला तरी द्या."

"दुसऱ्या कुणी खरवडून ठेवतील. माझ्याइतकं जपून कोण करणार?"

डॉक्टर थोडा वेळ थांबले आणि गेले. बाईंनी पहिला ब्लॉक चढवला. चाक दोनदा फिरलं आणि करकर ऐकू आली. एवढी करकर त्यांनी आधी ऐकली नव्हती. प्रत्येक फेरीला त्यांच्या दातांतून कळ जात होती. पहिला पापुद्रा पाण्यावर सोडला तर त्यात चार उभ्या रेघा आणि एक कोपरा फाटलेला. तो त्यांनी कागदाने टिपून टोपलीत टाकला. मग तिन्ही ब्लॉक ताटलीत पालथे घातले. इतरांना तासभर, हिला तास पुरणार नाही असं त्यांना वाटलं. डब्याची सुट्टी झाली, दुपार झाली. खिडकीतलं ऊन टेबलावरून भिंतीवर गेलं तेव्हा त्यांनी ब्लॉक उचलले. दुसरा आणि तिसरा तर अजून कापूनही बघितले नव्हते. करकरणार असं गृहीत धरून घातले होते.

त्यानंतर उतरलेली फीत त्यांच्या सगळ्या नोकरीतली सर्वांत देखणी होती. एक सुरकुती नाही, एक रेघ नाही. जावेसाठी त्यांना जे करता आलं ते एवढंच, आणि ते त्यांनी जिवापाड केलं.

निदान कॅन्सरचं झालं. पुढची मोठी शस्त्रक्रिया दुसऱ्या शहरात झाली. दीड वर्षाने जाऊ गेली. तिची मुलगी तेव्हा कॉलेजच्या शेवटच्या वर्षाला होती. जिन्याच्या पायरीवर बाई एकट्याच भाजी निवडायला बसू लागल्या, मग तेही सोडलं. गोळ्यांबद्दल त्यांना कुणी एका शब्दाने विचारलं नाही, त्यामुळे त्यांना उत्तरही देता आलं नाही. स्वतःच्या गोळ्या त्यांनी बंद केल्या. औषधाच्या दुकानात ती डबी दिसली तरी त्या मान वळवत.

बाई निवृत्त झाल्या आणि दुसऱ्याच वर्षी प्रयोगशाळेतून फोन आला. एक संशोधक डॉक्टर आल्या होत्या, तिशीतल्या, पायात खेळायचे बूट, खांद्याला हीऽ मोठी पिशवी. त्यांना छातीच्या गाठींचे जुने ब्लॉक हवे होते, तेही चुना साचलेले. तळघरातल्या लाकडी खणांत कुठल्या वर्षाचं काय कुठे आहे हे बाईंखेरीज कुणाला धड ठाऊक नव्हतं. आठवड्यातून तीन दिवस बाई परत जाऊ लागल्या.

"पण चुना साचतोच का?" पहिल्याच दिवशी बाईंनी विचारलं. विचारताना त्यांनी हातातला खण जरा जास्तच घट्ट धरला होता.

"तेच तर शोधतोय. हाडं घडवण्याच्या सूचना शरीरातल्या प्रत्येक पेशीत असतात, जनुकांमध्ये. छातीच्या पेशीत त्या बऱ्याचशा झोपलेल्या असायला हव्यात. काही गाठींमध्ये त्या जाग्या होतात, असं दिसतंय. मग ती पेशी हाडाच्या पेशीसारखी वागायला लागते, चुना धरायला लागते. कुठलं जनुक जागं होतं, त्याच्या चिठ्ठ्या पेशीत पडलेल्या असतात. मेणात वर्षानुवर्षं राहिल्या तरी त्यातल्या पुष्कळशा वाचता येतात."

"म्हणजे... खाण्यातून नाही? गोळ्यांमधून?"

"गोळ्यांमधून?" डॉक्टर हसल्या. "छे हो. त्याचा याच्याशी काही संबंध नाही. पेशीच बिघडते आणि रक्तात आहे तेवढ्यातलंच ओढून घेते."

बाई तळघरातल्या स्टुलावर बसल्या. घरी जाताना त्या दुकानात शिरल्या, गोळ्यांची डबी घेतली आणि भर रस्त्यात उघडून एक गोळी पाण्याशिवाय गिळली. कडू लागली. बारा वर्षांत इतकं हलकं त्यांना कधी वाटलं नव्हतं. ते हलकेपण बरोबर नऊ दिवस टिकलं.

दहाव्या दिवशी पुतणी वर आली. आता बत्तीस वर्षांची, आईसारखीच बोलघेवडी, फक्त त्या दिवशी बोलत नव्हती. तिच्या छातीच्या तपासणीत पांढरे बारीक ठिपके दिसले होते. तूर्त घाबरायचं कारण नाही, सहा महिन्यांनी परत बघू, असं तिला सांगितलं होतं.

"सहा महिने मी काय करू, काकू? मोजत बसू?"

बाईंनी तिला संशोधक डॉक्टरांकडे नेलं. डॉक्टरांनी नीट ऐकून घेतलं. म्हणाल्या, "तुमच्या रक्ताची तपासणी करता येईल. पण तुमच्यात काही सापडलं नाही, तर तेवढ्याने मोकळ्या झालात असं नाही म्हणता येणार. आईच्या जनुकांत जन्मजात दोष होता की नव्हता, हे आधी कळलं पाहिजे. तो आईत असेल आणि तुमच्यात नसेल, तर मात्र मोठी काळजी मिटली. आईचे ब्लॉक आहेत ना?"

"आहेत की," पुतणी म्हणाली. "काकूंनीच कापलेत."

दुसऱ्या शहरातल्या रुग्णालयाने दहा वर्षांहून जुनं सगळं नष्ट केलं होतं. राहिले होते ते हे तीनच.

डॉक्टरांनी बाईंकडे वळून अगदी सहज विचारलं, "यातले ॲसिडातून गेलेले कुठले? वहीत काही दिसत नाही. ॲसिडाने सगळ्या चिठ्ठ्या जळून जातात, म्हणून विचारते. जनुकांचेही तुकडे होतात."

रंगारणीचा आवाज बाईंच्या कानात स्वच्छ वाजला. पुतणी त्यांच्याकडे बघत होती.

"असेल एखाददुसरा," बाई म्हणाल्या.

खोटं बोलायचं असं त्यांनी ठरवलं नव्हतं. रस्ताभर त्या स्वतःला समजावत होत्या की पहिले दोनच घातले होते आपण, तिसरा नाही. तिसरा ताटलीत मावलाच नव्हता. ताटली लहान होती ना ती, निळ्या काठाची. रात्रीच्या जेवणापर्यंत तिसरा ब्लॉक ताटलीबाहेर, बर्फावर, अगदी स्पष्ट दिसू लागला होता. त्यांनी पुतणीला निरोपही पाठवला, "काळजी करू नकोस. एक तरी नक्की मिळेल."

तीन आठवड्यांनी निकाल यायला लागले. बाई तळघरातून वर आल्या तेव्हा डॉक्टर कागद पसरून बसल्या होत्या.

"बाई, एक गंमत बघा. तुमच्याच काळातले चाळीस ब्लॉक घेतले. दुसऱ्यांनी कापलेले बहुतेक बोलतात. ज्यांच्या स्लाइडवर रेघा आहेत, फाटक्या आहेत, ते तर छान बोलतात. आणि ज्यांची स्लाइड सगळ्यात सुंदर, ते मुके. एक अक्षर नाही."

बाई कागदावरचे नंबर शोधू लागल्या.

"आणि तुमच्या जाऊबाईंचे तिन्ही."

"तिसराही?"

"तिसरा तर सगळ्यात जास्त."

तेव्हा बाईंना ती ताटली दिसली, जशी होती तशी. निळ्या काठाची नव्हती. मोठी होती, स्टीलची, सहा ब्लॉक मावतील अशी. त्यांनी सगळं सांगितलं. बोळा, ताटली, डब्याची सुट्टी, भिंतीवर गेलेलं ऊन. रंगारीण काय म्हणाली आणि आपण त्यावर काय विनोद केला, तेसुद्धा. डॉक्टर रागावल्या असत्या तर बरं झालं असतं. त्या फक्त म्हणाल्या, "तेव्हा सगळीकडे थोडंफार चालायचंच हो." आणि कागद गोळा करू लागल्या. करता करता त्यांनी मुके ब्लॉक मोजले आणि परत एकदा मोजले.

घरी पुतणी ओट्यापाशी चहा गाळत होती. बाईंनी तिला बसायला सांगितलं, ती बसली नाही. मग बाई उभ्यानेच बोलल्या. चहा गाळणीतून कधीच खाली गेला होता, तरी ती गाळणी धरूनच होती.

"आणि मला निरोप पाठवलास? नक्की मिळेल म्हणून?"

"मला तसंच वाटायला लागलं होतं गं."

"तीन आठवडे मी त्या निरोपाच्या भरवशावर झोपले, काकू."

गोळ्यांचा दोष त्यांचा नव्हता, तो त्यांनी बारा वर्षं वाहिला. हा त्यांचा होता आणि तो त्या कौतुक म्हणून मिरवत आल्या होत्या.

"आई म्हणायची ना," पुतणी गाळणी ठेवत म्हणाली, "तुमच्या हातात सापडलेल्याचं काही खरं नाही." ती हसायला गेली, पण ते हसणं अर्ध्यावरच राहिलं. चहाचा कप बाईंपुढे सरकवून ती खाली गेली. चारएक दिवस वर आली नाही.

आली ती एक मागणी घेऊन. "मला ती स्लाइड बघायचीय. आईची."

बाईंनी तिला सूक्ष्मदर्शकापाशी बसवलं, काच लावली, चाकं फिरवून चित्र आणून दिलं. पुतणीने डोळा लावला.

"किती सुंदर आहे गं. गुलाबी, जांभळं. कापडावर छापल्यासारखं." मग तिने विचारलं, "यात कॅल्शियम कुठलं?"

"मध्ये पांढरी भोकं दिसतायत?"

"हो."

"तिथे होतं."

पुतणीने मान वर केली नाही. बाईंना टोपलीत टाकलेला तो पहिला पापुद्रा आठवत होता. चार रेघांचा, फाटक्या कोपऱ्याचा. त्यात चुन्याचा प्रत्येक कण जागच्या जागी असणार होता.

पुतणीच्या रक्ताची तपासणी झाली. काही सापडलं नाही. तरी डॉक्टरांनी आधी सांगितलं होतं तेच खरं ठरलं, या उत्तराने कुणाला मोकळं होता आलं नाही. बाई मात्र जुन्या वह्या घेऊन बसल्या. वर्षामागून वर्षं, नंबरामागून नंबर, जे जे करकरलं होतं ते आठवून त्याच्यापुढे लाल पेन्सिलीने खूण करत गेल्या, म्हणजे आणखी कुणी त्या ब्लॉकांवर आशा लावून बसायला नको. खुणा इतक्या झाल्या की पेन्सिलीला तीनदा टोक करावं लागलं. जावेच्या तीन नंबरांपाशी त्या थांबल्या. तिथे त्यांनी खूण केलीच, पण पुढे वेळही लिहिली. साडेबारा ते पाच.

सहा महिने झाले. पुतणीच्या चित्रात ठिपके थोडे वाढलेले दिसले, म्हणून सुईने बारीकसा तुकडा काढला. ब्लॉक एकच झाला. तो ट्रेमध्ये आला तेव्हा बाई खोलीत होत्या. त्यांच्या जुन्या खुर्चीवर आता एक नवी मुलगी बसते, हुशार आहे, हाताने हलकी. तिने नंबर वाचला, मग बाईंकडे बघितलं.

"बाई, तुम्ही कापता? तुमचा हात..."

"नको. घरच्या माणसाचा ब्लॉक आपण कापू नये."

मुलीने ब्लॉक चढवला, चाक फिरवलं. तिसऱ्या फेरीला करकर आली, अगदी बारीक. मुलीचा हात थांबला. पाण्यावरच्या पापुद्र्यात एक उभी रेघ उमटली होती. तिने खालच्या खणातल्या ॲसिडाच्या बाटलीकडे नजर टाकली.

"रेघ पडतेय, बाई. पाचच मिनिटं ठेवू?"

बाईंनी दोन्ही हात पाठीमागे बांधून घेतले होते. एकतीस वर्षांची सवय बोटांत वळवळत होती.

"करकरू दे," त्या म्हणाल्या. "तू काप."

मुलगी कापत राहिली. बाई तिच्या मागे भिंतीला टेकून उभ्या होत्या आणि प्रत्येक फेरीला दात आवळून ती करकर शेवटपर्यंत ऐकत होत्या.